सहा डबे आणि हिराबायचा राब

तुम्ही शेवटचं कधी दुसऱ्याच्या शेतात उभं राहून ते शेत कसणाऱ्या बाईला काही विचारलंत, आणि उत्तर येईपर्यंत थांबलात? रस्ता विचारला असेल तर तो धरू नका. मी स्वतः या एप्रिलपर्यंत एकदाही थांबले नव्हते, तेव्हा हा प्रश्न करायचा मला फारसा अधिकार नाही. पण आमच्या घरी अधिकार नसताना प्रश्न विचारायची जुनी सवय आहे. वडिलांचा सोलापुरात छोटा छापखाना. लग्नपत्रिकांवर घर चालायचं आणि उरलेल्या कागदावर पत्रकं निघायची, कधी यंत्रमाग कामगारांची, कधी पाणीटंचाईची. मी अक्षरं जुळवायला शिकले ती 'जाहीर निषेध' या दोन शब्दांवर.

तर मी शहापूर-मुरबाडकडे निषेध करायला गेले नव्हते. पिशवी उचलायला गेले होते. रेणुका माझी शाळेपासूनची मैत्रीण. मुंबईतल्या एका संस्थेत ती गेली पाच वर्षं चिपवर संशोधन करते आहे. चिप म्हणजे नखाएवढा काळा तुकडा आणि त्यात कोरलेले लाखो स्विच. त्यातले शेकडो आपल्या एका केसाच्या रुंदीवर मावतात. इतके बारीक स्विच नीट बंद होत नाहीत, जुन्या नळासारखे गळतात, पाण्याऐवजी वीज गळते, आणि उकाडा वाढला की गळती वाढते. रेणुकाच्या प्रबंधाचं म्हणणं एवढंच की तिने ही गळती इतकी कमी केली आहे, की घड्याळातल्या बटण सेलवर तिची चिप वर्षभर चालेल, उन्हाळ्यातसुद्धा.

म्हणणं सिद्ध करायला माघात तिच्या चिपचे सहा डबे मुरबाड तालुक्यातल्या एका शेतात पुरले. डबा एक वीत खाली, त्यातून निघालेली प्लास्टिकची एक काडी वर. मातीची ओल आणि तापमान मोजायचं, आणि दर दहा मिनिटांनी काडीच्या टोकावरच्या तारेतून ते कळवायचं. फाल्गुनातल्या एका सकाळी अकरा ते साडेबारा या वेळात सहाही डबे गप्प झाले. एकदम नाही, ओळीने. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर, असे. आणि गप्प होण्याआधी प्रत्येकाने आपण तापल्याचं कळवलं होतं.

प्रयोगशाळेत निदान झालं की तापले, गळले, मेले. म्हणजे रचनाच चुकली. सोमवारी समितीपुढे अहवाल जायचा होता. निदान मान्य झालं असतं तर रेणुकाचं मुख्य प्रकरण रद्द, नवी चिप, परदेशातल्या कारखान्याच्या रांगेत पुन्हा एक वर्ष. आणि तिची शिष्यवृत्ती दिवाळीच्या आत संपते. तिने मला हे सगळं भांडी घासता घासता सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "सर म्हणतात शनिवारी जाऊन डबे उकरून आणू. तू येतेस का? मी एकटी त्यांच्यासमोर रडले तर बरं दिसणार नाही."

उंबरमाळी, जिथे आम्हाला जायचंच नव्हतं

सर म्हणजे धानके सर, रेणुकाचे मार्गदर्शक. सत्तावीस वर्षं याच विषयात. धूळरहित खोलीत पांढरा झगा घालून वावरणारा, टोपीतून केस बाहेर आला तर विद्यार्थ्याला परत पाठवणारा माणूस. ते मूळचे या मातीतले. खर्डीजवळच्या खेड्यात जन्म, थोरली बहीण मुरबाडकडे दिलेली, आणि डबे पुरलेले तिच्याच शेतात. त्यामुळे वाट दाखवायची जबाबदारी त्यांची होती.

त्यांनी वाटेत लोकलमध्ये माझ्या वर्तमानपत्रावर स्विचचं चित्र काढायला घेतलं. चित्र सुंदर होतं. ते पुरं झालं तेव्हा आम्हाला उतरायचं ते आसनगाव जाऊन चार स्टेशनं झाली होती आणि आम्ही उंबरमाळीच्या फलाटावर उभे होतो. नॅनोमीटर कधी न चुकवणाऱ्या माणसाने अर्धा तालुका चुकवला होता.

"इथे हवा चांगली आहे," सर म्हणाले.

परतीच्या गाडीला वेळ होता. सर फोनला रेंज शोधत फलाटाच्या टोकाला गेले. चारी बाजूंना डोंगर, पानं झडलेला साग, आणि उतारांवर जागोजाग चौकोनी काळे डाग, कुणी इस्त्री विसरल्यासारखे. एक बाई पळसाच्या पानांच्या द्रोणात करवंदं विकत होती. टोपलीला मोबाईलवर पैसे घ्यायचा तो चौकोनी छाप लटकवलेला. मी दोन द्रोण घेतले आणि विचारलं, "मावशी, ते काळं काय दिसतंय?"

"राब भाजलंय."

मी वहीत लिहिलं, 'राब भाजलंय.' पुढे एवढंही विचारलं नाही की राब म्हणजे काय. मला त्या क्षणी जास्त महत्त्वाचं वाटत होतं ते असं, की हीच करवंदं दादरला चौपट भावाने विकली जातात आणि मधला फरक कोण खातो. मावशीला तसं म्हणालेही. ती म्हणाली, "मंग तू ने ना दादरला इकायला. टोपली देते."

सहा डब्यांचा सगळा उलगडा मला एका द्रोणाच्या भावात तिथेच मिळाला होता. मी करवंदं खाल्ली.

शहापूर

शहापूरला बटण सेल घ्यायचे होते. बाजारपेठेत एका विजेच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने सेल मोजून देताना सरांना विचारलं, काय करता? सर म्हणाले, चिप बनवतो. झालं. दुकानदाराने गल्ल्याखालून टीव्हीचा रिमोट काढला.

"मग हा बघा ना. आवाज वाढतो, कमी नाय होत. माझी आई बहिरी झालीय का शेजारी बहिरे व्हायचेत तेच कळत नाय."

सरांनी रिमोट उघडला, चष्मा कपाळावर चढवला, बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "मी आतलं करतो. चिपच्या आतलं. हे बाहेरचं झालं."

"म्हंजे डॉक्टर हाव, पण नाडी नाय बघत."

रेणुका तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसली. दुकानदाराने रिमोट परत घेतला, बटणाखालचा रबर खोडरबराने घासला, आणि आवाज कमी झाला. सरांनी हे वाखाणण्यासारख्या गांभीर्याने पाहिलं आणि तीच कृती आपल्या छोट्या वहीत टिपून घेतली. मला तेव्हा त्यांच्याबद्दल थोडी आशा वाटली.

गाव

पुढे किन्हवलीवरून जीपने. गावाचं नाव लिहीत नाही. हिराबायने तशी ताकीद दिली आहे, नाहीतर आणखी कुणी डबे घेऊन येतील म्हणून.

हिराबाय म्हणजे सरांची थोरली बहीण. साठीच्या पुढची, काटक, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. आम्ही पोचलो तर तिने आधी पाणी दिलं, मग भावाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काय रे मधू, पोट आलं. एवढं बारीक काम करतोस, पोट कुठून येतंय?"

माघात पुरलेल्या डब्यांचा आवाज ऐकणारी पेटी तिच्या घरातच होती, देवाच्या फळीशेजारी खुंटीला. पेटीचा दिवा चालू, म्हणजे ती ठणठणीत होती, फक्त तिला कुणी काही सांगत नव्हतं. पेटीवर हळदकुंकवाची बोटं उठलेली. माझ्यातलं पत्रक जागं झालं. मी म्हटलं, "मावशी, हे यंत्र आहे. याला कुंकू कशाला?"

"फ्रिजलापन लावलंय," ती म्हणाली. "नवी वस्तू घरात आली की लावतो. तुमच्याकडं नाय लावत?"

सोलापुरात आमच्या छापखान्यातल्या यंत्राला दर दसऱ्याला झेंडूचा हार पडतो आणि तो वडीलच घालतात, हे मला त्याच क्षणी आठवायला नको होतं. मी जेवायला बसले.

जेवण असं होतं: तांदळाची भाकरी, कैरी घातलेली सुकट, वालाचं बिरडं, आणि वर भात. आमच्याकडे ज्वारीची कडक भाकरी महिनाभर टिकते, मोडली तर आवाज होतो. ही पांढरी भाकरी हातरुमालासारखी घडी होते. मी तीन खाल्ल्या. रेणुकाने अर्धी खाल्ली आणि ताटात बोटाने रेघा ओढत बसली. हिराबायने ते पाहिलं, पण विचारलं भावाला.

"पोरीला काय झालंय?"

"तिची चिप बिघडली. आपल्या शेतात पुरली होती ती."

"डबे हायत की जागेवर. तू फोन केलास तवा सांगितलं तुला."

"जागेवर आहेत, पण बोलत नाहीत."

"तार जळली, मग बोलतील कसं," हिराबाय म्हणाली आणि सरांना भात वाढला.

 सरांचा घास हातातच राहिला. रेणुकाने ताटातून मान वर केली. "तार कशाने जळली?"

"राब भाजला ना गो."

मी पिशवीतून वही काढून उंबरमाळीचं पान उघडलं आणि शरमेने पुन्हा मिटलं.

आता तुमच्यासाठी, कारण सोलापूरच्या माणसाला हे ठाऊक नसतं. इथे भाताची रोपं आधी एका लहान तुकड्यात वाढवतात. पाऊस यायच्या कितीतरी आधी त्या तुकड्यावर शेण पसरतात, त्यावर झाडांच्या छाटलेल्या फांद्या, पातेरा म्हणजे वाळका पाला, त्यावर गवत, आणि सगळ्यावर बारीक मातीचा थर. मग पेटवून देतात. तो धुमसत जळतो, तणाचं बी मरतं, राख होते, आणि रोपं जोमाने येतात. हाच राब. तो तुकडा घराजवळचा, विहिरीजवळचा, सगळ्यात चांगल्या मातीचा असतो. भाऊ मुंबईहून आला, म्हणाला बहिणी, माझ्या यंत्राला एक चांगली जागा दे. बहिणीने घरातली सगळ्यात चांगली जागा दिली.

जेवणं तशीच टाकून आम्ही मागच्या तुकड्यावर गेलो. जमीन काळी, पावलागणिक राख उडत होती. हिराबायने प्रत्येक डब्याच्या जागी खुणेचा दगड ठेवला होता, सहा दगड, एका ओळीत. रेणुकाचा आवाज बदलला. शाळेत ती गणिताच्या बाईंची चूक काढायची तेव्हा असा व्हायचा.

"मावशी, पेटवलं कुठून?"

"विहिरीकडून. वारं आंब्याकडून येतं ना. राब वाऱ्याच्या उलट पेटवायचा, म्हंजे सावकाश जळतो. वाऱ्यासंगं पेटवला तर वरच्या वर जळून जातो, खाली काय बी नाय."

एक नंबरचा डबा विहिरीकडे होता.

"आणि किती वाजता?"

"अकराची एसटी गेली तवा. भात चढवायला घरात आले तवा आंब्यापर्यंत आलेला."

सहा नंबर आंब्याखाली होता. रेणुका राखेत मटकन बसली. तीन आठवडे संस्थेतल्या चार विद्वानांनी गळती पसरत गेल्याचं सुंदर गणित मांडलं होतं. पसरत गेली होती ती हिराबायची आग.

मी मात्र गप्प बसले नाही. म्हटलं, मावशी, झाडं छाटायची, धूर करायचा, हवेचं काय? "कृषीवाले सायेबपन तेच सांगतात," ती म्हणाली. "मी म्हनलं, नाय भाजत. आखाडात तण काढायला येताव का? आजून नाय आले. तू येतेस का गो?" मी म्हटलं येते. आषाढात मला जावं लागणार आहे.

सर या वेळात एकटेच विहिरीच्या काठाशी उभे होते. मग वळून म्हणाले, "हिराबाय, अगं मला सांगायचं तरी."

"इचारलं ना तुला. हितंच मांडी घालून बसलेलास, मांडीवर तो लॅपटॉप. म्हनलं, मधू, होळी झाली की हितं राब भाजायचाय, चालंल का? म्हनलास, चालेल."

"मी?"

"दोनदा म्हनलास."

त्या दिवशी लॅपटॉपवर सहाही डब्यांचा पहिला संदेश आला होता, एवढं सरांना आठवत होतं. बहीण बाजूला उभी होती हे त्यांना आठवत नव्हतं. हा माणूस वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत दरसाल स्वतः राब भाजत होता.

उकरणं

रविवारी सकाळी उन्हं चढायच्या आत खुरप्यांनी डबे काढले. वरच्या काड्यांचं टोक वितळून गुळाच्या पाकासारखं वाकलेलं, पण खाली डबे जसेच्या तसे. आता खरा प्रश्न होता. चिप गळकी असेल तर इतक्या दिवसांत सेल रिकामे झालेले असणार. नसेल, तर डब्यांनी कुणी ऐकत नसतानाही मोजणं चालू ठेवलेलं असणार.

रेणुकाने ओट्यावर गोणपाट अंथरलं, एक नंबरला वायर जोडली आणि पडद्याकडे न बघता माझ्याकडे बघत राहिली. पडदा मी वाचला. आकडे येत होते. फाल्गुनाचे, चैत्राचे, आज सकाळचे, आणि सेल जवळजवळ भरलेला.

दोन नंबर जिवंत. तीन, चार, पाच जिवंत. सहा नंबर मेलेला. वायर बदलली, सेल बदलला, तरी मेलेला, आणि का मेला ते कळेना.

रेणुकाने पाच डब्यांच्या रेघा पडद्यावर एकत्र काढल्या. राबाच्या दिवशी प्रत्येक रेघ चढते आणि संध्याकाळपर्यंत हळूहळू उतरते. फक्त चार नंबरची जेमतेम चढते. "इथे काय झालं असेल?" ती सरांना म्हणाली. सर काही सुचवणार तेवढ्यात मागून हिराबाय वाकली.

"ही कंची जागा? मधली? तिथं पातेरा कमी पडला. शेळीनं ओढून खाल्ला. त्या टायमाला मी म्हनलंच, हितं रोप कच्चं येनार."

सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. आलेख वाचायला शिकवायला ते विद्यार्थ्यांची दोन सत्रं घेतात.

दुपारी ते ओट्याच्या कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसले आणि अहवाल दुरुस्त करू लागले. मी पाणी द्यायच्या निमित्ताने मागे उभी राहिले. जुन्या मसुद्यात होतं: 'संशोधक विद्यार्थिनी रेणुका यांच्या रचनेतील दोषामुळे उपकरणे निकामी.' ते खोडून त्यांनी लिहिलं होतं: 'स्थानिक कृषी व्यवहारामुळे प्रक्षेपणात व्यत्यय.'

"सर, स्थानिक म्हणजे कोण?" मी विचारलं.

"अहवालाची भाषा अशीच असते. त्यात कुणाचं नाव घेत नाहीत."

"रेणुकाचं घेतलं होतं."

रेणुकाने मला डोळ्यांनी दटावलं. तिला अजून त्यांच्याच हाताखाली काम करायचं होतं, मला नव्हतं. सरांनी चष्मा काढला. मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले, "बाई, सत्तावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका शोधून मोठा झालो. समितीवर जे बसतात ना, त्यातल्या निम्म्यांच्या मी काढल्या आहेत. ते आता वाट बघत असतील."

हिराबाय सुपात तांदूळ घेऊन निवडत होती. "काय ल्हिलंस? वाच."

त्यांनी वाचलं.

"येत्यय म्हंजे?"

"अडथळा."

"अडथळा कुनाचा? माझा?"

"तुझा नाही गं."

"मग कुनाचा ते ल्ही. माजा नाय, पोरीचा नाय, शेळी तर बिचारी मेलीपन. ल्ही. नायतर पुढल्या साली तुझे डबे दुसऱ्याच्या शेतात पुर."

सुपातला खडा काढून तिने अंगणात टाकला.  सरांनी लॅपटॉप मिटला आणि छोट्या वहीचा कागद फाडून पेनाने लिहिलं: 'जागा मी निवडली. इथे राब भाजणार असल्याचे शेतमालकीण हिराबाई यांनी मला आधी सांगितले व माझी संमती विचारली. मी न ऐकता संमती दिली. रचनेत दोष असल्याचा माझा आधीचा निष्कर्ष मी मागे घेतो.' खाली सही केली, तारीख घातली.

रेणुकाने तो कागद वाचला. मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, "सर, सहा नंबरबद्दल पण लिहायला हवं. तो का मेला ते आपल्याला माहीत नाही. माझी रचनाही असू शकते."

"लिही," सर म्हणाले. "तुझ्या सहीने." आणि तिला पेन दिलं.

सोमवारी मी समितीपुढे नव्हते. रेणुकाने सांगितलं ते असं: कागद वाचून झाल्यावर एका सदस्याने विचारलं, राब म्हणजे काय, आणि सर उठून फळ्याशी गेले आणि शेणापासून सुरुवात केली. त्यांना थांबवावं लागलं. रेणुकाचं प्रकरण प्रबंधात राहिलं. सहा नंबरवर तिला वेगळी चाचणी करायला सांगितली आहे, ती चालू आहे. टोमणे सरांना मिळाले. ते त्यांनी घेतले.

तुम्ही कुणाचे मार्गदर्शक असाल, साहेब असाल, मुख्याध्यापक असाल, तर एक कराच. तुमच्या हाताखालच्या ज्या माणसाच्या कागदावर तुमची चूक त्याच्या नावाने पडून आहे, तो कागद आज शोधा. कुठला ते तुम्हाला ठाऊक आहे. त्याखाली स्वतःच्या अक्षरात दोन ओळी लिहा, सही करा, तारीख घाला, आणि तो टपालाने न धाडता त्या माणसाच्या हातात नेऊन द्या.